पासवर्डातला डॉलर

धानाच्या मुलखातल्या गोरेगावजवळच्या एका कॉलेजात मी कंत्राटावर कम्प्युटर ऑपरेटर होते. परीक्षेची हॉलतिकिटं काढायला संस्थेच्या मोठ्या ऑफिसने एक स्क्रिप्ट पाठवली होती. स्क्रिप्ट म्हणजे आज्ञांची फाईल. तिच्यातल्या एका ओळीत आपला पासवर्ड लिहायचा आणि ती चालवायची. त्याच आठवड्यात त्याच ऑफिसचं पत्र आलं, की पासवर्डात एक तरी विशेष चिन्ह हवंच. मी इंग्रजी अक्षरांत ‘धान’, मग डॉलरचं चिन्ह, पुढे ‘पेरा’ आणि सात असा पासवर्ड ठेवला.

स्क्रिप्ट म्हणे, पासवर्ड चूक. तीनदा तेच. मग खातंच दोन दिवस बंद पडलं.

सालेकसाकडची एक मुलगी वडिलांना घेऊन आली होती, दुसऱ्यांदा. वडील मला म्हणाले, “काऊन बाई, धानाचा रोवणा सोडून आलो ना आमी. कागद कायले नाई देऊन राहिले?” मी काही बोलायच्या आत आमचे हेडक्लार्क, बडे बाबू, सगळ्यांसमोर ओरडले, “इले पासवर्ड टाकता येत नाई, अन् कम्प्युटर चालवून राहिली!”

मला रडू नाही आलं, संताप आला. मी सात वर्षं ते काम करत होते. संध्याकाळी मला नोटीसही मिळाली: निष्काळजीपणा.

खातं उघडल्यावर मी आधी वेबसाइटवर तोच पासवर्ड टाकला. चालला. म्हणजे माझी बोटं चुकत नव्हती. मग स्क्रिप्टमध्ये एक ओळ घातली, की तुला मिळालेला पासवर्ड पडद्यावर दाखव. पडद्यावर आलं नुसतं ‘धान’. डॉलर दिसला की त्यापुढचा शब्द हे कशाचं तरी नाव आहे असं ती समजत होती, ते नाव कुठे सापडलं नाही की गुपचूप टाकून देत होती.

मी मोठ्या ऑफिसला फोन लावला. तिथला इंजिनिअर हसून म्हणाला, “मॅडम, डॉलर मत डालो ना. सबको पता है.”

“सबको पता है तो पत्र में क्यों नहीं लिखा?”

त्याने फोन ठेवला.

पासवर्डाच्या दोन्ही बाजूंना एकेरी अवतरणचिन्हं टाकली, म्हणजे आतलं सगळं ती जसंच्या तसं घेते, आणि स्क्रिप्ट सुरळीत चालली. दोन चिन्हं! एवढ्यासाठी एका बापाने रोवणीचे दोन दिवस घालवले. मुलीला मीच फोन करून बोलावलं. ती परीक्षेला बसली.

प्राचार्य मला समजावत होते, “चूक झाली, पुन्हा होणार नाही, असं लिहून द्या. विषय संपेल.” मी नाही लिहिलं. पडद्याचे फोटो जोडून दोन पानी उत्तर दिलं. महिन्याभराने नवीन स्क्रिप्ट आली, तिच्यात ती दोन चिन्हं आधीच होती. सोबत एका शब्दाचंही पत्र नव्हतं. नोटीस मागे घ्या म्हणून मी तीन अर्ज केले. बडे बाबू म्हणाले, “आता कायले उकरून राहिली?”

पुढच्या वर्षी मी ते कॉलेज सोडलं. नोटीस अजून तिथल्या फाईलमध्ये आहे, माझ्या नावाने.