जाळ्यावरचा फेटा

धाकट्या मामांपेक्षा जास्त नेटवेडा माणूस कोल्हापुरात कुणी दाखवावा, मी माझी बॅट त्याच्या पायावर ठेवीन! बरं, मामांनी जन्मात बॅट धरली नव्हती. पण आमचा क्रिकेटचा सराव चाले म्हशींच्या गोठ्याला लागून, जागाही गोठेवाल्या आबांचीच, आणि आबांनी एकदा निर्वाणीचं सांगितलं, "आणि एक बॉल माझ्या म्हशीला लागू दे, हितं शेणीच थापतो का न्हाय बघा!" झालं, मधे नेट लावायचंच, असं मामांच्या अंगात आलं!

पंचगंगेवरच्या मासे धरणाऱ्या भोयांकडं जाळं बघायला गेलो, तर मामा मुलगी बघायला आल्यासारखे ऐटीत बसले. प्रत्येक भोकाला चेंडू लावून बघत. शेवटी एक नवंकोरं सुती जाळं तोंडासमोर धरून मला म्हणाले, "हाण बॉल!"

"मामा, नाक फुटंल!"

"फुटू दे की! जाळं तरी कळंल!"

नाक वाचलं, जाळं पसंत पडलं. मग ते कुजू नये म्हणून बाभळीच्या सालीच्या काढ्यात उकळायचं ठरलं. एवढं भांडं कुठलं? मामांनी गुऱ्हाळातली गुळाची काहील आणली, तीही न घासता. पुढं कित्येक दिवस आम्ही मुंगळ्यांच्या सोबतीनं बॅटिंग केली! तेही परवडलं, पण उकळून जाळं आटलं. खांबांना बांधलं तर वर हातभर फट, नेमकी म्हशींच्या अंगाला. आबा कमरेवर हात ठेवून बघत उभेच.

मामांनी सरळ डोक्याचा फेटा सोडला. मयताशिवाय बोडक्या डोक्यानं बाहेर न पडणारा माणूस! लग्नातला तो गुलाबी फेटा त्यांनी फटीवर आडवा ताणून शिवून टाकला. पहिलाच फटका उंच उडाला आणि फेट्यावर धपकन आपटून खाली आला. "आडला! आडला!" मामा भर मैदानात बोडके नाचत होते. आबासुद्धा हसले.

पुढं दर पावसाळ्याआधी मामा जाळं उतरवून सावलीत वाळवत, तुटल्या गाठी पुन्हा मारत. स्वतः टोपी घालू लागले. मामी करवादायच्या, "लग्नाचा फेटा म्हशी राखाय लावलाय!"

मामा अचानक गेले. शेवटचं डोक्याला बांधायला मामींनी तोच फेटा मागितला. मी तो जाळ्यावरून उसवून आणला. चेंडूचे लाल डाग बघून म्हटलं, "धुऊन आणू?"

"ऱ्हाऊ दे," मामी म्हणाल्या. "त्येंचंच हायत त्ये."

मामांचे दिवस झाल्यावर आम्ही पुन्हा खेळायला गेलो. मन लागत नव्हतं. एक चेंडू फटीतून पलीकडं गेला आणि म्हैस रेकली. आता संपलं, असं वाटून आम्ही स्टंप उपटायला लागलो. आबा चेंडू घेऊन आले. त्या फटीकडं बराच वेळ बघत राहिले. मग स्वतःचा फेटा सोडत म्हणाले, "शिडी आणा रं."