पाव मळणारी लेडी

बेकरीत तिला सगळे मावशी म्हणत, एक नवरा सोडून. तो भट्टी सांभाळायचा आणि तिला हाक मारायचा, ‘लेडी’. डोक्याला फडकं, कोपरापर्यंत पीठ, ही कसली लेडी, म्हणून नवं गिऱ्हाईक हसायचं. नवरा मग आणखीच मोठ्याने हाक मारायचा.

नाव दिलं होतं इंग्रजीच्या मास्तरांनी. ते रोज सकाळी एक पाव घ्यायला यायचे आणि तासभर बोलून जायचे. एकदा म्हणाले, हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत लॉर्ड म्हणजे पाव राखणारा आणि लेडी म्हणजे पाव मळणारी. ज्यांच्या घरचा पाव खाऊन चार माणसं जगायची, त्यांनाच मान. पुढे शब्दातला पाव झिजून गेला, नुसता तोरा उरला. हे ऐकून नवऱ्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. “म्हणजे मी लॉर्डच की,” असं तो म्हणेपर्यंत मागे भट्टीत अख्खा ट्रे करपला. मास्तरांनी त्या दिवशी करपलेलाच पाव विकत घेतला.

ती तेव्हा लाजली होती. अजूनही आठवलं की लाजते.

मास्तर गेले, पाठोपाठ नवराही गेला. त्याला आता तीन वर्षं झाली. भट्टीवर आता त्यानेच शिकवून तयार केलेला, त्याला उस्ताद म्हणणारा माणूस होता. कामाला वाघ, बोलायला महाकंजूष. तिला त्याने कधी मावशीसुद्धा म्हटलं नव्हतं.

आणि बेकरीच्या मालकांनी पीठ मळायचं यंत्र आणलं. तुमचे खांदे दुखतात, आता बसून पाव कागदात बांधा, पगार तोच, असं ते मायेनेच बोलले. तिला धड रागावताही येईना. पण मळणंच गेलं, तर लेडी कुठली राहायला? नवऱ्याच्या तोंडचं तेवढं एक नाव उरलं होतं, तेही यंत्राने नेलं, असं तिला वाटलं.

सोमवारी यंत्र घरघरलं. ती तिकडे पाठ करून कागदाच्या घड्या घालत बसली. पीठ निघालं, भट्टी तापली, पण भट्टीवाला ट्रे भरेना. थोड्या वेळाने त्याने पिठाचा मोठा गोळा आणून तिच्यासमोर ठेवला.

“लेडी, झालंय का बघा.”

तिचे हात थांबले. या नावाने हाक मारायला तुला कोणी सांगितलं, असं तिने विचारलं.

“उस्तादांनी. लेडीला विचारल्याशिवाय भट्टीत काही घालायचं नाही, म्हणाले होते. आजवर तुम्हीच मळत होता, विचारायची वेळ आली नाही.”

तिने पिठात बोट दाबलं. खड्डा तसाच राहिला.

“अजून पाच मिनिटं फिरव,” ती म्हणाली.

यंत्र पुन्हा सुरू झालं ते बरंच झालं. त्या घरघरीत तिचं रडणं कोणाला ऐकू गेलं नाही.