नाळेला काय लावलं?

हिंगोलीजवळच्या आमच्या गोरेगावातल्या सासवा पोलिसाला भीत नसतील एवढ्या गोजरबाईला भीत. ही गावची आशाताई, म्हणजे घरोघरी जाऊन बाळ-बाळंतिणी तपासणारी सरकारी आशा कार्यकर्ती, आणि माझी शेजारीण. बाळंतिणीच्या घरात शिरली की आधी बाळाच्या नाळेजवळ नाक नेणार. तेल, राख, हळद, काही सापडलं की सासूची खैर नाही. "काहून लपवता? लेकरू गेल्यावर सांगाल का?" तोंड भलतंच फटकळ. आम्ही तिला चिडवायचो, पण तिच्या धाकानं कितीतरी लेकरं वाचली हे खरं.

मग तिच्याकडे संशोधनाचं काम आलं. नवजात बाळाच्या रक्तात बरेचदा नाळेतून जंतू शिरतात. सिरक्यातलं, म्हणजे व्हिनेगरमधलं, ॲसिटिक आम्ल अगदी पातळ करून नाळ पुसली तर ते थांबतं का, एवढं बघायचं होतं. कोणाला या औषधाची बाटली द्यायची, कोणाची नाळ नुसती कोरडी ठेवायची, हे वर चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरायचं आणि फोनवर कळायचं. तिथे वशिला चालत नव्हता.

तिची लेक प्रतिक्षा बाळंतपणाला आली. तिचं पहिलं लेकरू याच दुखण्यानं गेलेलं. फोन आला, नाळ कोरडी ठेवा. प्रतिक्षानं आईचे पाय धरले.

"तुझ्या पिशवीत बाटल्या हायेत नं, आई."

"नियम म्हंजे नियम," गोजरबाई म्हणाली.

पाचवी पुजली आणि बाळानं दूध सोडलं. अंग गार पडलं. जीप करून आम्ही हिंगोलीला नेलं, तिथे काचेच्या पेटीत ठेवलं. रक्तात जंतू निघालेच. प्रतिक्षा आईकडे बघेना. "तुला नियम मोठा, लेकरू न्हाई," एवढंच म्हणत राहिली. गोजरबाई पेटीजवळ उभी राहून बाळाचे श्वास मोजत होती.

संशोधनाच्या डॉक्टरीणबाई आल्या. "नाळेला काही लावलं होतं?"

"काई न्हाई," गोजरबाई म्हणाली. गावातल्या सासवा म्हणतात तशीच, खाली बघून.

बाई लिहून घेऊ लागल्या. नाळ कोरडी ठेवली आणि बाळ आजारी पडलं. म्हणजे औषधाची बाजू आपोआप वर जाणार आणि उद्या त्याच भरवशावर गावोगावच्या लेकरांच्या नाळा पुसल्या जाणार. गोजरबाईला ते कळत होतं.

"खोडा ते," ती म्हणाली. "औषध लावलं म्या. रोज. ही न्हाणीत गेली की."

प्रतिक्षानं मान वर केली. "लावलं व्हतं?"

"व्हय."

"बराबर लावलं?"

"बराबर."

एवढा वेळ, औषध लावलं असतं तर लेकरू बचावलं असतं, या आईवरच्या रागानं ती उभी होती. आता भिंतीला टेकत खाली बसली. काचेआड बाळाचं पोट भराभर वरखाली होत होतं.

"मंग आता काय करायचं, आई?"

गोजरबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. "मला ठावं न्हाई, माय," ती म्हणाली.