मेव्हण्याची गाडी आणि भांड्यांचा साबण

पुतण्याच्या वरातीसाठी मेव्हण्याची गर्द निळी गाडी आणली होती. "दाजी, धुवायला सर्व्हिसिंगवाल्याकडंच द्या, तुमी हात लावू नका," असं त्यानं फोनवर बजावलं. मी म्हणालो, "नेली त्याहून चांगली करून देईन." तो रविवारी चारला येणार होता. माझा शब्द पाळला जातो की बायकोची भावापुढं मान खाली जाते, एवढाच प्रश्न होता.

बॉनेटवर हळदीकुंकू, नारळाच्या पाण्याचे ओघळ आणि फुलं चिकटवलेल्या टेपचा डिंक होता. रविवारी दुपारी आधी डिंक खोबरेल तेलानं काढला. मग दहा लिटर पाण्यात दोन चमचे भांडी घासायचा पातळ साबण टाकला. बायको दारात आली.

"अहो, भांड्याच्या साबणानं काहून धुवून राहिले? माझ्या भावाची गाडी हाय ती, कढई न्हाई!"

मी तिला सांगितलं, आज तोच लागतो. गाडीच्या शाम्पूनं जुनं वॅक्स, म्हणजे रंग राखणारा मेणाचा थर, टिकून राहतं. या साबणानं तेल, डिंक आणि जुनं वॅक्स सगळं निघतं. मग नवं वॅक्स थेट रंगावर बसतं. दर आठवड्याला हा साबण वापरला तर मात्र रंग उघडा पडतो. माझ्या जुन्या गाडीवर मी हे दोनदा करून पाहिलं होतं.

साबणाबद्दल मी बरोबर होतो. चुकलो पाण्यात. अंगणात अजून लग्नाचा मांडव उभा होता, त्यामुळं गाडी रस्त्यावर उन्हात होती. बोअरच्या पाण्यानं छत खळबळून मागं वळेपर्यंत बॉनेट वाळलं होतं. निळ्या रंगावर पांढरे ठिपके उठले. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतका, की तांब्याही पांढरा पडतो. आणि वॅक्स तर मीच काढून टाकलं होतं. अडीच वाजले होते.

नळाचं गोडं पाणी बायकोनं प्यायला ड्रममध्ये भरून ठेवलं होतं. नळ चार दिवसांनी येणार होता.

"किती लागंल?" तिनं विचारलं.

"चार बादल्या."

"तीन देते. मोजमापात लई पक्के ना तुमी, तीनात बसवा."

बसवलं. गाडी कडुनिंबाच्या सावलीत घेतली. एकेक पत्रा ओला करायचा, पुसायचा, कोरडा करायचा, मगच पुढचा. ठिपके ताजे होते, निघाले. वॅक्सचा पातळ हात दिला, दहा मिनिटं थांबलो, मऊ कापडानं पुसलं. चारला सात मिनिटं कमी होती.

मेव्हणा आला आणि गाडीभोवती दोन चकरा मारल्या. बाटलीतलं पाणी बॉनेटवर शिंपडलं, तर थेंब मोत्यासारखे घरंगळले.

"काय लावलं दाजी?"

"आधी भांड्याचा साबण, मग वॅक्स."

त्याचा चेहरा उतरला. बहिणीकडं बघून म्हणाला, "खरंच?"

"व्हय. मी सुद्धा वरडले व्हते," ती म्हणाली. "बोअरच्या पाण्याचे ठिपके बी पडले व्हते. पण काढले त्यांनी."

आरशाखाली एक ठिपका राहिला होता. तो मीच बोट ठेवून दाखवला.

त्यानं वाकून पाहिलं. "तो माझा हाय दाजी. वर्षापासून हाय. निघत न्हाई."

मी घरातून अर्धं लिंबू आणून कापड त्याच्या रसात ओलं केलं. नऊ-दहा वेळा घासल्यावर ठिपका गेला.

"नेली त्याहून चांगली," मी म्हणालो आणि चावी त्याच्या हातात ठेवली.