घरचं मत

शोभाताईंचा जीव पहाटेपासून थाऱ्यावर नव्हता. दोनदा चहा ठेवला, दोनदा उतू गेला. तिकडे कॅनडात, अल्बर्टा प्रांतात, त्यांची लेक उन्नती आमदारकीला उभी होती. पहिल्यांदा आपटली, दुसऱ्यांदा कशीबशी निवडून आली, आज तिसरी खेप. इकडे मनीषनगरातल्या घरात सकाळचे साडेसहा, म्हणजे तिथे संध्याकाळ. मतदान संपायला तासभर उरलेला.

पोरीला हा किडा बापाकडूनच आला. नत्थूजी एकदाच गावाकडे कुहीत पंचायत समितीला उभे राहिले आणि एका मताने पडले. हो, एकाच. तेव्हापासून बावीस वर्षं एकच धोशा, रुपरावनं दगा दिला. रुपराव लंगोटीयार, पण विरोधकाच्या ओसरीवर चहा प्यायला, एवढंच निमित्त. बोलणं तुटलं ते तुटलंच. शोभाताई ऐकायच्या आणि कणिक मळत राहायच्या.

न राहवून त्यांनी फोन लावला.

"स्वतःचं मत टाकलं काय वं?"

"कुठं आई, दिवसभर दारोदार फिरून राहिली. एका मतानं काय होते?"

स्पीकर चालू आहे, समोर नत्थूजी पेपर वाचताहेत, याचं भान कुणाला?

"एका मतानं तुहा बाप पडला. अन् ते मत माहं होतं. दोनशे कार्यकर्त्यांचा सैपाक करून राहिली होती मी. गावाले जीपनं नेलं, मले न्यायले कोणीच आलं नाही. वरण उतरवलं तं बूथ बंद. मी गेली असती तं बरोबरी झाली असती, चिठ्ठी तरी पडली असती. तू आधी जाय."

फोन कटला. नत्थूजींनी पेपर खाली ठेवला.

"काहून नाही सांगितलं?"

"गावभर हात जोडले तुम्ही. मले विचारलं काय, जाऊन आली काय म्हणून? अन् मंग तुम्ही रुपरावभाऊचं नाव घेतलं. माही जीभच उचलली नाही."

पुढचे तीन तास शोभाताई नुसत्या या खोलीतून त्या खोलीत फिरत होत्या. साडेनऊला उन्नतीचा मेसेज आला. मत टाकलं होतं, दोनशे बारा मतांनी निवडूनही आली होती. शोभाताईंनी तो वाचून दाखवला.

नत्थूजींनी मान हलवली. मग म्हणाले, "मी रुपरावच्या मातीलेबी गेलो नाही वं."