मालूताई आणि पन्हाळ्याचा चढ

मालूताई माझ्याशी शेवटचं बोलली ते असं : "निखिलला सांग, क्लचवर पाय ठेवून गाडी चालवत नाहीत." निखिल म्हणजे दादाचा मुलगा, आमचा भाचा. त्याच्या गाडीतून तिला दवाखान्यात नेत होतो. बोलायला दम पुरत नव्हता, पण भाच्याचा क्लच तिला ऐकू येत होता. दुसऱ्या दिवशी ती गेली. आता महिना होऊन गेला... भेटायला येणारे हळू आवाजात "काय म्हणाल्या हो शेवटी?" असं विचारतात. मी खरं ते सांगते, आणि हसावं की नाही ते त्यांना कळत नाही.

ती माझी थोरली बहीण. लग्न केलं नाही. माझे यजमान गेल्यावर मला कर्वेनगरला आपल्या फ्लॅटवर घेऊन आली, ती कायमचीच. तिच्या बँकेत संगणक आले, पाठोपाठ स्वेच्छानिवृत्ती आली. तिने ती घेतली आणि पन्नाशी उलटल्यावर ड्रायव्हिंगच्या क्लासला नाव घातलं. बरोबरची पोरं नुकती सॉफ्टवेअर कंपन्यांत लागलेली, त्यांच्यात ही काठपदराची साडी नेसून. मग एक जुनी पांढरी गाडी घेतली आणि पहिल्याच आठवड्यात सोसायटीच्या फाटकाला घासली. झालं! दादा बिबवेवाडीहून तडक आला. "मालू, हौस फिटली ना? आता विकून टाक." दादाचं ऐकायचं ही आमच्या घरातली रीत. मालूताईने जन्मभर ऐकलंही होतं. त्या दिवशी मात्र म्हणाली, "पन्हाळ्याला जाऊन येते. वाटेत कुणाच्या हातात गाडी दिली, तर खुशाल विकू. नाही दिली, तर हा विषय परत काढायचा नाही." दादा म्हणाला, "तो घाट आहे, फाटक नाही." तरी कबूल झाला.

हायवे रुंद करायचं काम चाललं होतं. मी डावीकडे जीव मुठीत धरून देवाचं नाव घेत होते. "मनातल्या मनात घे गं, मला हॉर्न ऐकू येत नाहीत," असं ताईने ऐकवलं. कोल्हापूरपर्यंत सगळं नीट झालं. पन्हाळ्याच्या ऐन चढावर पुढची एसटी थांबली, आमची गाडी बंद पडली आणि हळूहळू मागे सरकू लागली. ताईने हँडब्रेक ओढला. मागे हॉर्नांचा गजर. दोघे-तिघे धावत आले. "मावशी, सरा जरा. आमी चढवून देतो." मी म्हटलं, "ताई, देऊन टाक ना. दादाला कोण सांगायला जातंय?"

"मला ठाऊक असेल ना," ती म्हणाली. मग काच खाली करून त्या माणसांना म्हणाली, "आपण एवढं करा, मागच्या चाकाला दगड लावा." त्यांनी दगड लावला. गाडी दोनदा गचकली, तिसऱ्यांदा वर निघाली. मी डोळे मिटले होते, ते रस्ता सपाट झाल्यावर उघडले. ताई घामाने भिजली होती, पण थांबायला तयार नव्हती. आम्ही पुणेकर! किल्ला म्हटला की आधी पायथा लागणार, तिथे गाडी लावायची आणि मग पायऱ्या चढायच्या. तो पायथा शोधत आम्ही घरं, शाळा, पोस्ट, हॉटेलं मागे टाकत चाललो होतो. शेवटी झुणका-भाकर विकणाऱ्या एका बाईंना ताईने विचारलं, "किल्ल्याचा पायथा कुठे आला हो?"

"पायथा? त्यो खाली ऱ्हायला की! किल्ल्यातच हाईसा तुमी."

"आणि दरवाजा?"

"रस्त्यासाठी पाडला इंग्रजांनी, कवाच. त्यातनंच आलासा न्हवं?"

ताईने गाडी बंद केली आणि इतकी हसली, की त्या बाई भाकरी थापायच्या थांबल्या. "म्हणजे चढून झालंसुद्धा!" असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मग आम्ही झुणका-भाकर खाल्ली, अजून शाबूत असलेला 'तीन दरवाजा' बघितला, तटावर बसलो. खाली कुणीतरी मिरच्या वाळत घातल्या होत्या, शाळेतून पोरं घरी चालली होती. एवढा मोठा गड, आणि आत साधा संसार चाललेला... त्या दुपारइतकी सुखी मी क्वचितच झाले असेन.

परत आल्यावर दादाने गाडीभोवती एक चक्कर मारली. फाटकाचा सोडून नवा ओरखडा सापडेना. शेवटी म्हणाला, "रविवारी मला वाघोलीला सोडशील का?" तेव्हापासून डोहाळजेवण असो की मोतीबिंदू, सगळ्या नातलगांना ताईच न्यायची.

मागच्या आठवड्यात निखिल ताईची गाडी न्यायला आला. "आत्या, बाबा म्हणतात आता विकून टाकू." तो आत बसायला गेला, पण गुडघे मावेनात. ताईने सीट पार पुढे ओढून ठेवली होती. सीट मागे न्यायला त्याने खाली हात घातला, तेवढ्यात मी म्हटलं, "थांब." त्याला उतरवून मीच आत बसले. इतक्या वर्षांत त्या बाजूला कधी बसले नव्हते. आम्ही बहिणी एकाच उंचीच्या, पाय बरोबर पोहोचले. निखिल दार धरून उभा होता. मी त्याला सांगितलं, "सीटला हात लावू नकोस. क्लासात नाव घालून आलेय मी."