दौंडच्या फोटोची कापलेली कड

शिक्रापूरच्या चौकात ट्रकांच्या मधे अडकलेल्या एसटीत बसून मी पुढच्या भांडणाची तयारी करत होते. पुण्यात जुन्या मराठी चित्रपटांच्या फोटोंचं प्रदर्शन भरणार आहे. त्यात दौंडच्या फलाटावर मी काढलेला, पुढे चित्रपटाच्या पोस्टरवर गेलेला फोटो आहे: आठ बायका हात हलवत मनापासून हसताहेत. खाली नाव मात्र कॅमेरामनचं. संयोजक म्हणाला, "मॅडम, श्रेयनामावलीत तुम्ही नाही आहात. निगेटिव्ह आणा, लगेच बदलतो."

नामावलीत मी नसणारच. मराठी सेटवर स्टिल फोटो काढणारी दुसरी बाई तेव्हा मी पाहिली नव्हती. आमची पद्धत अशी, की शॉट चालू असताना फोटो काढायचा नाही, शटरचा आवाज ध्वनिमुद्रणात येतो. शॉट ओके झाला की 'स्टिल' म्हणून ओरडायचं आणि नटांनी तीच पोझ पुन्हा धरायची. पुरुष ओरडला की नट थांबत. मी ओरडले की जेवायला जात. मग मी दुप्पट ओरडायला शिकले. लोक मला तापट म्हणतात. तापट नसते तर एकही फोटो मिळाला नसता.

शिरूरला उतरले. जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. शूटिंगच्या वेळी आमचा मुक्काम इथं होता आणि माझे रोल बाजारपेठेतल्या एका स्टुडिओत धुतले जायचे. स्टुडिओ आहे. काउंटरवर तेव्हाच्या मालकांचा मुलगा, सलीमभाई, दाढी पांढरी झालेली.

"निगेटिव्ह? ती समदी चांदीवाल्याकडं गेली, ताई. फिल्ममधनं चांदी काढायचे ना ते. अब्बांनी पोती भरून दिली."

"म्हणजे माझी कमाई कुणाच्या तरी पैंजणात गेली."

"जोडव्यात बी असंल," ते शांतपणे म्हणाले.

मी बरंच बोलले. त्यांनी मधे चहा मागवला, मी बोलतच राहिले. कप रिकामा झाल्यावर ते म्हणाले, "दौंडच्या मार्थाबाईंनी त्या फोटोची प्रिंट नेली व्हती. रेल्वे कॉलनीतल्या. दर नाताळाला आमच्याकडं केक धाडतात अजून." हे आधी का सांगितलं नाही, असं मी विचारलं. "तुमी थांबला कुठं," ते म्हणाले.

दौंडच्या वाटेवर उसाच्या ट्रॅक्टरांमागे एसटी रेंगाळली. भीमेचा पूल ओलांडला, तेव्हा दुपार टळली होती. रिक्षावाल्यानं "आजी, बसा" म्हटलं म्हणून त्याला सोडून दुसरी रिक्षा केली. दुसराही आजीच म्हणाला.

मार्थाबाई ऐंशीच्या घरात आहेत. दारातच माझ्याकडे निरखून बघत म्हणाल्या, "त्या वरडणाऱ्या बाई व्हय तुम्ही?" बसायच्या आत समोर शेंगोळे (हुलग्याच्या पिठाचे वळून शिजवलेले तुकडे) आले. पण माझं लक्ष भिंतीकडे होतं. तिथं तोच फोटो होता, फक्त अख्खा. पोस्टरसाठी कापून टाकलेली उजवी कड इथं शाबूत होती आणि त्या कडेला, सगळ्यांकडे पाठ करून, बशीतून चहा पिणारा माणूस उभा होता. आमचा कॅमेरामन. ज्या फोटोखाली त्याचं नाव आहे, त्याच फोटोत.

"आमी रडायचं व्हतं," मार्थाबाई सांगू लागल्या. "मुलं लढाईला निघालीत, असा शॉट. रडलो. कॅमेरा बंद झाला. तुम्ही वरडला, समद्या परत रडायला उभ्या. तवाच खरीच मालगाडी आली, आन् गार्डाच्या डब्यात आमचे मालक. हिरवं निशाण धरून, छाती काढून. मंग कुणाला रडू येतंय?"

मी फ्रेम मागितली. देणार नाही म्हणाल्या. मोबाइलवर फोटो तरी काढू द्या, म्हटलं.

"काढा की. तुमचं नाव लागंल. आमचं काय लिवलंय तिथं?"

संयोजकानं पाठवलेली फोटोखालची पाटी मी मोबाइलवर वाचून दाखवली: गर्दीतील स्त्रिया.

"आठ जणींची गर्दी?" त्यांनी आठही नावं घडाघडा सांगितली, कोण फायरमनची, कोण पॉइंट्समनची, यासकट. सहा जणी आता नाहीत; उरल्या त्या स्वतः आणि हमीदाबी. "आठी नावं लावा. न्हाई तर मोबाइल पिशवीत घाला."

तुमचं एकटीचं लावते, मी म्हटलं. मग तुमचं आणि हमीदाबीचं. त्या शेंगोळे वाढत राहिल्या. एवढ्या लवकर मी कुठल्याच सौद्यात हरले नव्हते. फोटो काढला.

पुण्याला जाणाऱ्या संध्याकाळच्या डेमू गाडीत बसल्या बसल्या तो संयोजकाला पाठवला. पाटस स्टेशन यायच्या आत त्याचा फोन. बशी बघून तो खूप हसला. तुमचं नाव लागलं समजा, म्हणाला. इतकी वर्षं याच वाक्यासाठी भांडले होते. मी आठ नावं सांगायला लागले.

"मॅडम, पाटीवर एवढी जागा कुठून आणू? भिंत ठरलेली आहे."

"मग फोटो लहान करा."

समोरच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली, तेव्हा कळलं की मी ओरडत होते. केडगाव गेलं तरी आमचं चालूच होतं. शेवटी तो म्हणाला, "करतो. पण अक्षरं बारीक होतील. तुमचंही."

"होऊ द्या," मी म्हटलं. "लोक जवळ येऊन वाचतील."